रॅपरच्या दोन वह्या

माझी मिक्सिंगची खोली डोंबिवलीत आहे, दहा बाय बाराची. भिंतींवर आजीच्या गोधड्या, खिडकीला दुहेरी पडदा, आणि तरीही शेजारच्या कुकरची शिट्टी अधूनमधून ट्रॅकवर येतेच. शनिवार-रविवारी नवीन पोरं-पोरी गाणं घेऊन येतात, पेनड्राइव्ह पुढे करतात. मी लगेच गाणं लावत नाही. आधी दोन प्रश्न विचारतो. बीट, म्हणजे रॅपमागे वाजणारं संगीत, कुणाचा? आणि हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारा भाग, कुणी गायलंय, त्या व्यक्तीशी काय ठरलंय? पहिल्याचं उत्तर ठरलेलं: "यूट्यूबवरून घेतलाय, दादा." दुसऱ्याचंही ठरलेलं: "मैत्रीणच आहे, तिच्याशी काय ठरवायचं?"

हसू येतं, कारण माझीही उत्तरं हीच होती. २०१९ साली 'गली बॉय' हा रॅपरवरचा सिनेमा आला आणि आमच्या गल्लीतला दर तिसरा मुलगा रॅपर झाला. त्यात मी एक. माझं तिसरं गाणं जरा चाललं, चाळीसेक हजार प्ले झाले, आणि एका सकाळी ते चॅनेलवरून गायबच झालं. ज्याचा बीट मी 'फ्री' समजून उचलला होता, त्यानं तो दुसऱ्या कुणाला तरी कायमचा विकला होता. चूक त्याची नव्हतीच. बीटखाली सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी दोन वह्या करायला सांगतो. एक ओळींची. ती प्रत्येकाकडे असते, आता बहुतेक फोनमध्येच. दुसरी हिशेबाची: कोणता बीट कुठून घेतला, किती पैसे दिले, कोण गायलं, कुणाचा किती वाटा, कुठल्या तारखेला काय अपलोड केलं. ही जवळजवळ कुणाकडेच नसते. स्वतंत्र कलाकार म्हणजे ज्याच्या मागे संगीत कंपनी (लेबल) नाही तो. मग कंपनीतल्या कारकुनाचं कामही त्यालाच करावं लागतं. पुढचं सगळं या दोन वह्यांमध्ये काय लिहायचं त्याबद्दल आहे, पहिल्या ओळीपासून पहिल्या कागदापर्यंत.

ओळ

मराठीत रॅप लिहिणाऱ्याची पहिली अडचण क्रियापद आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक आपोआप जुळतं आणि तिथेच घोटाळा होतो. 'मी पहाटे उठतो, मी गाडी पकडतो, गर्दीत घुसतो, वडापाव खातो.' चार ओळी, चार 'तो'. जुळलं सगळं, पण कानाला काही मिळालं नाही, कारण पुढचा 'तो' येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. क्रियापद ओळीच्या मध्ये ढकला किंवा गाळून टाका, आणि शेवटी नाम आणा:

खांद्यावर दप्तर, वरती पत्र्याचं छप्पर,
पावसाच्या ठोक्यावर पाठ केलं प्रत्येक अक्षर.

दप्तर, छप्पर, अक्षर. व्याकरणाच्या यमकात हे तिन्ही बसणार नाहीत, पण तोंडात त्यांचा आघात एकाच जागी पडतो. रॅपला तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट मोजणीची. अभंग लिहिणारे अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. म्हणजे यमक ओळीच्या पोटात आणि शेवट मोकळा. ही युक्ती रॅपमध्ये जशीच्या तशी चालते, करून बघा. पण रॅपमध्ये अक्षरं मोजून भागत नाही, उच्चार मोजावा लागतो. 'दप्तर' कागदावर तीन अक्षरं आहेत: द, प्त, र. तोंडात ते दोन ठोके होतात: दप्, तर. कागदावर बरोबर बसलेली ओळ बीटवर सांडते ती यामुळे. टाळी वाजवत म्हणा, मगच लिहा. (चंद्रातला 'च' आणि चमच्यातला 'च' वेगळे, हेसुद्धा मायक्रोफोनपुढे उभं राहिल्यावरच लक्षात येतं.)

बार म्हणजे चार ठोके. केरवा वाजवता येत असेल तर त्याचं एक आवर्तन, आठ मात्रा, म्हणजे दोन बार्स असं धरा. एका कडव्याचे साधारण सोळा बार्स, हुकचे आठ. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) बीटवर सोळा बार्स सुमारे ४३ सेकंदांत संपतात. एवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगून व्हायला हवी. नवीन माणूस या ४३ सेकंदांत बालपण, प्रेमभंग, व्यवस्था आणि शत्रू, सगळं कोंबतो. एकच घ्या.

बोली सोडू नका. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर स्वतःचं नाव '१००आरबीएच' असं लिहितो (शंभरला हिंदीत सौ म्हणतात, पुढचं जोडून वाचा) आणि मुंबईच्या 'स्वदेसी' या बहुभाषिक गटात मराठीतून रॅप करतो. धारावीतल्या गटांत एकाच गाण्यात हिंदी, मराठी, तमिळ येऊन जातात. तुमच्याकडे मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, जे काही असेल ते घरातलं आयतं भांडवल आहे. पुस्तकी मराठीत केलेलं रॅप शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं ऐकू येतं आणि मुंबईच्या गल्लीची नक्कल साताऱ्याच्या तोंडी बसत नाही.

सराव कसा? रोज आठ बार्स, चांगले-वाईट कसेही. महिन्यातून एकदा सगळं मोठ्यानं वाचायचं आणि नव्वद टक्के कापायचं. मित्रांसोबत सायफर करा, म्हणजे गोल करून एकामागून एक म्हणायचं. बीट नसला तर कुणीतरी तोंडानं वाजवतो. गोलात उभं राहिलं की कुठली ओळ पडते ते लगेच समोरच्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

बीट

हा भाग सावकाश वाचा, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात भानगडी इथल्या असतात.

यूट्यूबवर 'अमुक टाइप बीट' शोधलं की हजारो बीट्स मिळतात, आणि शीर्षकात 'फ्री' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'ना-नफा वापरासाठी फुकट' एवढाच. म्हणजे सरावाला घ्या, मित्रांना ऐकवा. स्पॉटिफायवर टाकलं, यूट्यूबवर पैसे सुरू केले की तो वापर नफ्याचा झाला. मग बीटस्टार्ससारख्या बाजारातून परवाना घ्यावा लागतो.

परवाने मुख्यतः दोन. लीज हा भाड्याच्या खोलीसारखा. आपला अकरा महिन्यांचा भाडेकरार असतो ना, तसंच समजा: तुम्ही राहू शकता, पण घर तुमचं नाही, आणि तोच बीट आणखी पन्नास जणांना भाड्यानं दिलेला असतो. करारात मर्यादा असतात. किती प्ले, किती व्हिडिओ, किती वर्षं. एमपी३ लीज स्वस्त, वेव फाइलची त्याहून महाग, आणि ढोल, बास, सूर सगळं सुटं देणारी ट्रॅकआउट लीज सर्वांत महाग. मिक्स नीट व्हायचं असेल तर निदान वेव घ्या. दुसरा परवाना एक्सक्लुझिव्ह. तो घेतल्यावर बीट पुढे कुणाला विकला जात नाही. पण त्याआधी ज्यांनी लीज घेतली होती, त्यांची गाणी आपल्या मुदतीपर्यंत तशीच राहतात. हे न कळल्यामुळे एकाच बीटवरची दोन गाणी बघून पोरं एकमेकांवर 'चोर' म्हणून डिस ट्रॅक, म्हणजे शिव्या घालणारी गाणी, काढतात.

आणि एक खाचखळगा. गाणं अपलोड करताना वितरक (तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) विचारतो, "यूट्यूब कंटेंट आयडी हवा का?" लीजच्या बीटवर 'हो' म्हणू नका. कंटेंट आयडी ही आवाज ओळखून मालकी सांगणारी यंत्रणा. तुम्ही भाड्याचा बीट तिथे आपल्या नावावर लावला की त्याच बीटवरच्या बाकी पन्नास जणांच्या गाण्यांवर तुमचा दावा लागतो, आणि बीट बनवणारा तुमच्यावर धावून येतो.

जुनी मराठी गाणी सॅम्पल करायचा, म्हणजे त्यांचा तुकडा उचलून बीटमध्ये वापरायचा, मोह सगळ्यांना होतो. लक्षात ठेवा, गाण्यात दोन मालकी हक्क असतात: शब्द-चाल यांचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. तुम्ही तीच ओळ स्वतः गायलात तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, शब्द-चालीचा राहतोच. भारतात लेखक-संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. जात्यावरची ओवी, पिढीजात भारूड यांच्या चालीवर कुणा एकाचा हक्क नसतो, मात्र कुणीतरी केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग त्या माणसाचं असतं.

मला विचाराल तर उत्तम सॅम्पल गावाकडेच असतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हलगीवाल्याकडे किंवा संबळवाल्याकडे जा, चहा पाजा, बिदागी द्या, वीस मिनिटं वाजवून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. हिशेबाच्या वहीत त्यांचं नाव, दिलेली रक्कम आणि 'हे वादन गाण्यात वापरायला परवानगी' असं लिहून त्यांची सही घ्या. हा आवाज जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल. बीट बनवणाऱ्या मित्राला त्याचे तुकडे द्या आणि मजा बघा.

खोलीत रेकॉर्डिंग

उपकरणांवरून अडून बसणाऱ्यांना मी कुर्ल्याच्या नेझी या रॅपरचं उदाहरण देतो. २०१४ मध्ये त्याचं पहिलं गाजलेलं गाणं आयपॅडवर तयार झालं आणि व्हिडिओही त्यावरच शूट झाला. आज तुमच्या हातातला मध्यम किमतीचा फोन त्या आयपॅडच्या पुढे आहे.

पहिली पाच गाणी फोन, वायरचा इअरफोन आणि बँडलॅबसारखं फुकट अॅप यांवर करा. त्यानंतरही लिहिणं सुरू असेल तर खर्च करा. कंडेन्सर मायक्रोफोन (बारीक आवाज टिपणारा), दोन इनपुटांचा साधा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा), स्टँड, पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) आणि बंद कानांचा हेडफोन, हे सगळं मिळून वीस ते तीस हजारांत बसतं. सेकंडहँड घेतलंत तर बरंच कमी. कॉम्प्युटरवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालवा, साठ दिवस ते पूर्ण वापरून बघता येतं.

खोली मायक्रोफोनपेक्षा महत्त्वाची. रिकाम्या खोलीत चाळीस हजारांचा मायक्रोफोनही बाथरूमसारखा वाजतो. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहा, समोर गोधडी किंवा गादी टांगा. पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढा, आणि नंतर आठवणीनं लावा (आमच्याकडे एकदा दोन लिटर दूध नासलं, आई अजून काढते). पहाटे तीन ते पाच ही वेळ सोन्यासारखी असते, गाड्या नाहीत, कुकर नाहीत.

तोंड आणि मायक्रोफोन यांत एक वीत अंतर. मराठीत महाप्राण व्यंजनं भरपूर, त्यामुळे भ, फ, ध म्हणताना हवेचा झोत थेट पडद्यावर बसतो आणि 'धप्प' असा आवाज येतो. मायक्रोफोन नाकाच्या उंचीला ठेवून जरा तिरका खाली वळवा. आवाजाची पातळी मीटरवर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या. लाल दिवा एकदा जरी लागला तरी तो टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) गेला, नंतर कुणी दुरुस्त करू शकत नाही. फाइल वेवमध्ये, २४ बिटची ठेवा.

मुख्य टेक एक. मग ओळींच्या शेवटच्या शब्दांवर डबल, म्हणजे तोच शब्द पुन्हा म्हणून वर चढवायचा. मग अॅड-लिब, म्हणजे ओळींच्या मध्ये टाकलेल्या आरोळ्या. मराठी रॅपरांनी 'ये', 'स्कर' सोडून आपले काही शोधावेत. आमच्या एका पोरानं कोंबडीवाल्याची आरोळी वापरली होती, तीच सगळ्यांना आठवते.

मिक्सबद्दल फार सांगत नाही, माझ्या पोटावर पाय येईल. एवढंच: मिक्स करणाऱ्याला सगळे ट्रॅक सुटे द्या, एकाच सेकंदापासून सुरू होणारे, नावं लिहिलेले, इफेक्ट काढलेले. आणि 'भाई, जोरात वाजलं पाहिजे' असं म्हणू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाजाच्या जोराचं माप) आणून वाजवतं. तुम्ही जास्त दाबून पाठवलंत तर ते खाली खेचलं जाईल आणि फक्त चिरडलेलं ऐकू येईल. तयार मिक्स रिक्षातल्या स्पीकरवर आणि आईच्या फोनवर ऐका. शब्द कळले तर पास.

नाव

नाव ठेवण्याआधी ते स्पॉटिफाय, यूट्यूब आणि इन्स्टाग्राम तिन्हीकडे शोधा. त्याच नावाचा कलाकार आधीच असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं आणि ते सोडवायला महिना जातो. रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदाच ठरवा आणि मरेपर्यंत तेच ठेवा. एक 'ए' की दोन, हा वाद पहिल्या गाण्याआधी मिटवा. आणि नावापुढे 'एमसी' लावलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

कागद

गाणं पूर्ण झालं त्याच रात्री, सगळे खोलीत असताना, वाटणी लिहा. याला स्प्लिट शीट म्हणतात. एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं खरं नाव, काम आणि टक्केवारी. उदाहरणार्थ शब्द लिहिणाऱ्याला ४०, बीट बनवणाऱ्याला ४०, हुक रचणाऱ्या मैत्रिणीला २०. सह्या करा, फोटो काढा, सगळ्यांना ईमेल करा. वाटणीला पैसे येण्याआधीच हात घालायचा, कारण त्या रात्री सगळे मित्र असतात. वर्षभरानं गाणं चाललं की तोच मित्र म्हणतो, "चाल तर माझीच होती."

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. गाणं लिहिलं-मुद्रित केलं की हक्क तयार होतो. पुरावा म्हणून नोंदणी करायची असेल तर शब्दांसाठी किंवा संगीतासाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये शुल्क आहे. नवीन माणसानं त्याऐवजी प्रोजेक्ट फाइल, तारखेचे ड्राफ्ट आणि ईमेल जपून ठेवले तरी बरंच काम होतं.

आयपीआरएसचं मात्र पुढे ढकलू नका. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासूनची संस्था, मुख्यालय मुंबईत. ती गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते: रेडिओ, टीव्ही, कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांवर तुमचे शब्द वाजले त्याची. वितरकाकडून येतात ते ध्वनिमुद्रणाचे पैसे, हे वेगळे. रॅपर स्वतःला गायक समजतो आणि विसरतो की तो गीतकारही आहे. सदस्य व्हा आणि प्रत्येक गाणं वाटणीसकट तिथे नोंदवा. सदस्य झालो की आपोआप सगळं होतं असं नसतं. गाणं नोंदवलं नाही तर पैसे कुणाचे हे त्यांना कळणार कसं?

बाजारात सोडणं

स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, जिओसावन यांवर थेट गाणं टाकता येत नाही, मध्ये वितरक लागतो. त्यांचे तीन प्रकार. डिस्ट्रोकिड वर्षाची वर्गणी घेतं आणि मिळकतीतून काही कापत नाही. पण वर्गणी थांबवली आणि वेगळे पैसे भरले नसतील तर गाणी उतरू शकतात. सीडी बेबी प्रत्येक रिलीजला एकदाच पैसे घेतं, पुढे ९ टक्के ठेवतं. राउटनोटच्या फुकट योजनेत सुरुवातीला खर्च शून्य, मिळकतीतून १५ टक्के त्यांचे. वर्षात एकदोनच गाणी काढणाऱ्यानं वर्गणीच्या भानगडीत पडू नये असं माझं मत. महिन्याला एक काढत असाल तर वर्गणी परवडते.

अपलोड करताना भाषा 'मराठी' निवडा. अनेक जण 'हिंदी' निवडतात, मग मराठी याद्या बनवणाऱ्यांच्या नजरेला ते गाणं पडतच नाही. गीतकार-संगीतकार या रकान्यांत खरी नावं लिहा, टोपणनावं नकोत. तुमच्या गाण्याला एक बारा अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, मिळेल, तो हिशेबाच्या वहीत उतरवा. पुढे वितरक बदलताना तोच क्रमांक दिला तर जुने प्ले टिकण्याची शक्यता राहते.

रिलीजची तारीख निदान तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून प्लेलिस्टसाठी अर्ज रिलीजच्या आधीच करता येतो, आणि निदान सात दिवस आधी केला तर गाणं तुमच्या फॉलोअरांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. काल मिक्स झालं, आज टाकलं, हा उत्साह गाण्याला मारक. शिवाय तिथे ३० सेकंद ऐकल्यावरच एक प्ले मोजला जातो. तेव्हा वीस सेकंदांची सायरनची सुरुवात काढून टाका. २०२४ पासून आणखी एक नियम आहे: मागच्या बारा महिन्यांत निदान १००० प्ले नसतील तर त्या गाण्याचे स्पॉटिफायकडून पैसेच निघत नाहीत. दहा अर्धवट गाण्यांपेक्षा तीन नीट गाणी काढा म्हणतो ते यामुळे. आणि प्ले विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. खोटे प्ले सापडले की वितरक गाणं उतरवतो, कधी दंडही लावतो.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे हवे असतील तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू, असा उंबरा आहे.

व्हिडिओ फोनवर काढा, मोकळ्या उजेडात, सकाळी सात ते नऊ. लोकल, फलाट, रेल्वेची हद्द टाळा, तिथे परवानगी लागते आणि आरपीएफला कला समजावून सांगायची वेळ ती नसते. मागे दिसणाऱ्या लोकांना विचारा. तुमच्या चाळीचा जिना, आजोबांची पानटपरी, बंद पडलेली गिरणी: फुकट आणि तुमचं.

स्टेज

पहिला कार्यक्रम बहुधा ओपन माइक, कॉलेजचा गॅदरिंगचा दिवस किंवा गणपती मंडळ. मंडळाला नाक मुरडू नका. तिथे आजी, पोरं, दारू प्यालेले काका सगळे समोर असतात. त्यांना थांबवून ठेवता आलं तर क्लबमधले दोनशे लोक सोपे. फक्त रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो, काही ठरावीक दिवस सोडले तर. नवीन माणसाचा नंबर शेवटी लावला असेल तर तो दहाच्या आत येतो का, हे आधी विचारा. मी एकदा ठाण्यात दहाच्या ठोक्याला माइक हातात घेऊन दोन बार्स म्हटले आणि वीजच काढली.

मुख्य आवाज काढलेला, हुक आणि डबल ठेवलेला ट्रॅक करून घ्या. तो पेनड्राइव्हवर, फोनमध्ये आणि ईमेलवर, तिन्हीकडे असू द्या. पूर्ण गाणं लावून त्यावर ओठ हलवणं लोकांना कळतं. माइकची जाळी मुठीत धरू नका, कितीही भारी दिसत असलं तरी शिट्टी घुमते आणि शब्द विरघळतात. श्वास कुठे घ्यायचा ते वहीत ओळीवर खूण करून ठेवा. घरी जिना चढत-उतरत पूर्ण गाणं म्हणता आलं तर स्टेजवर दम लागणार नाही.

मानधनाचं बोलताना लाज सोडा. तारीख, वेळ, किती मिनिटं, किती पैसे, प्रवास कुणाचा, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. निम्मे आधी, निम्मे स्टेजवर चढण्यापूर्वी. "एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्याला विचारा, मंडपवाल्याला आणि साउंडवाल्यालाही एक्स्पोजरच देताय का? पहिले पाच-सहा कार्यक्रम फुकट करायला हरकत नाही, पण ते तुम्ही ठरवून केलेले असू देत.

पैसे येतात कुठून

स्ट्रीमिंगमधून भारतात एका प्लेमागे येतात ते पैसे, रुपये नव्हेत. लाखभर प्लेवर घर चालेल या भ्रमात राहू नका. माझ्या ओळखीतले जे टिकलेत ते चार-पाच ठिकाणांहून थोडं थोडं गोळा करतात: कार्यक्रम, जाहिरातीची जिंगल, दुसऱ्याला ओळी लिहून देणं, मंडळांची आणि वाढदिवसाची गाणी, मुलांच्या कार्यशाळा. यातलं काही कमीपणाचं नाही. शाहिरांनीही सुपारी घेऊनच फड रंगवले. नोकरी सोडायचा विचार सलग बारा महिने हिशेबाच्या वहीत नोकरीइतकी रक्कम दिसल्यावर करा.

कंपनीनं बिल चुकतं केलं की त्यातून टीडीएस (आगाऊ कर) कापला जातो, बहुधा दहा टक्के. पॅन दिलेलं असू द्या, आयकराच्या पोर्टलवर ती रक्कम तुमच्या नावावर दिसते का बघा आणि रिटर्न भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर ती परत मिळते. यूट्यूब आणि परदेशी वितरक अमेरिकेचा कर-फॉर्म भरायला सांगतात. तो भरलात तर भारताशी असलेल्या करारामुळे अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या पैशांवर १५ टक्के कापतात, न भरल्यास जास्त.

तोंड सांभाळून की न सांभाळता

राजकीय रॅप करायचं असेल तर करा, या भाषेला पोवाड्यापासून जलशापर्यंत त्याची सवय आहे. पण डोळे उघडे ठेवून. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यात दोन तरुण रॅपरांवर सत्ताधाऱ्यांवरच्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. म्हणून टोला कृतीला मारा, ती कृती बातमीत नोंदलेली असू द्या, आणि एखाद्या जातीला, धर्माला किंवा बाईच्या चारित्र्याला धरून शिवी नको. तिथे कायदाही तुमच्या बाजूला नाही आणि मीही नाही. गाणं टाकण्याआधी एका वकील मित्राला ऐकवा आणि त्याचा नंबर घरच्यांकडे ठेवा.

आणि लेबलचा फोन आला तर

आनंद करा, पेढे वाटा, सही करू नका. पीडीएफ घरी आणा. पहिल्यांदा शोधायचे शब्द: मुदत, प्रदेश, माध्यमं, मालकी. हक्क देणं कायद्यानं लेखी आणि सही असलेलंच लागतं, फोनवरच्या 'हो'ला अर्थ नाही. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. हे कंपन्यांनाही ठाऊक असतं, म्हणून त्या 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असं लिहूनच टाकतात. मंगळावरची रॉयल्टीसुद्धा त्यांची. हे दोन शब्द खोडून सात वर्षं आणि भारत लिहायला सांगा; कधी कधी ऐकतात.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कुणालाही देऊन टाकता येत नाही, फक्त वारसाला किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला. करारात 'सर्व रॉयल्टीवर पाणी सोडतो' असं कलम दिसलं तर त्यावर बोट ठेवून हे सांगा. कार्यक्रम, जाहिराती, टी-शर्ट सगळ्यांतून टक्का मागणारा करार असेल तर उलट विचारा: या प्रत्येक ठिकाणी तुम्ही मला काम आणून देणार का, आणि किती? ते लिहून मिळालं तरच टक्का.

मागच्या महिन्यात एक मुलगी असाच करार घेऊन आली, एकवीस पानी, इंग्रजी. आम्ही दोघं रात्री साडेअकरापर्यंत बसलो. सतराव्या पानावर तिनं याआधी स्वतः काढलेली चारही गाणी यादीत घातलेली होती, 'जोडपत्र ब' म्हणून. तिनं हिशेबाची वही उघडली, चारही आयएसआरसी क्रमांक जुळवून पाहिले, आणि पेन्सिलीनं त्या पानावर फुली मारली. बाकीची वीस पानं वकिलाकडे आहेत.